तुटवडा नसलेल्या तालुक्यातला स्टो

स्टो गप्प होता, म्हणून सगळेच गप्प होते. सरकारी दवाखान्यातला तो पितळी स्टो एरवी दिवसभर फुरफुरत असे. आज त्याच्याभोवती तहसीलदार, डॉक्टर आणि कचेरीतला कारकून, म्हणजे पेशकार, अंबादास प्रतिष्ठित प्रेताभोवती उभे राहावे तसे उभे होते. पातेल्यात रुग्णांची पेज कच्चीच होती. रुग्णांत अंबादासची बायको विमल होती. बाळंतपणानंतरचा ताप, कालपासून पोट रिकामे.

स्वयंपाकीण सिद्धम्माने टाकी हलवून दाखवली. आत काही हलले नाही.

"घासलेट न्हाय, साहेब."

लढाई असली तरी तालुक्यात घासलेटचा तुटवडा नाही, असा तहसीलदारांचा हुकूम नुकताच निघाला होता, आणि त्याचा मसुदा अंबादासचाच होता. त्याअर्थी दोष स्टोचा. पिन मारली, वॉशर बदलला, पंप मारून मारून शिपायाचा दंड भरून आला. मग आगीचे जाणकार म्हणून तेरखेड्याहून शोभेची दारू करणारे धोंडप्पा आणवले. त्यांनी टाकी हुंगली, तहसीलदारांकडे पाहिले, आणि त्यांच्याच सहीने मिळणारा आपला दारूकामाचा परवाना धोंडप्पांना आठवला.

"स्टोची तब्येत झकास हाय," ते म्हणाले. "तापंल सावकाश."

सिद्धम्माने अंगणात चूल मांडायची परवानगी मागितली. तहसीलदारांनी तिला समजावले, की स्टो असताना चूल पेटवणे म्हणजे तुटवडा कबूल करणे. स्टो ठीक, घासलेट मुबलक. तेव्हा पेज शिजलेलीच असणार. फक्त पंचांसमक्ष खात्री व्हावी. पहिला पंच अर्थात पेशकार.

अंबादासने पातेल्यात बोट बुडवले. विहिरीचा गारवा थेट मनगटापर्यंत चढला. पलीकडच्या खोलीत विमल कण्हली.

"चटका बसला, साहेब," तो म्हणाला.

तहसीलदारांनी समाधानाने बशीत पेज ओतून घेतली आणि हलकेच फुंकर घातली. डॉक्टरांनीही घातली. ओसरीवर रुग्णांच्या नातलगांना पंच म्हणून वाट्या मिळाल्या, तशा तिथेही फुंकरा सुरू झाल्या. काही जरा मोठ्याने, शेजाऱ्याला ऐकू जाव्यात म्हणून.

अंबादासच्या वाटीत तांदूळ तळाशी खड्यांसारखे पडले होते.

"सिद्धम्मा," तो हळूच म्हणाला, "हे पचंल का हो तिला?"

सिद्धम्माने त्याच्या ओठांकडे पाहिले. ते वाटीवर फुंकर घालायला आधीच गोल झाले होते. पदर खोचून ती अंगणाकडे निघून गेली.