कल्हई आतून, क्रोम बाहेरून

“सर, तुमच्या कॅमेऱ्याला खरूज झालीय का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणींचा, कुणाली आणि अपेक्षाचा होता, फक्त तोंड माझं होतं. मनालीनं, म्हणजे मी, भर वर्गात हे विचारलं तर दोन वडापाव, अशी पैज होती. चौथीपर्यंत मी पाहुणे आले की कणगीमागे लपायचे. पण दहावीत आल्यापासून मी कुणालाच भीत नाही. कुत्रा सोडून.

आमच्या चित्रकलेच्या विशे सरांच्या गळ्यात कायम त्यांच्या वडिलांचा रिळाचा कॅमेरा असतो. सगळा चंदेरी, पण कोपऱ्यांवरचं क्रोम उडून खालचं पितळ दिसायला लागलेलं. वर्ग खदाखदा हसला. सर रागावले नाहीत. पिवळ्या चट्ट्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, “वय झालं त्याचं. तू देतेस उजळून?”

इथं गप्प बसले असते तर मामला दोन वडापावांवर मिटला असता.

“आठ दिवसांत आरसा करून देते, सर.”

“बघ हं. पुढच्या रविवारी तुमचा निरोप समारंभ. मग मीही रिटायर. एकच रोल उरलाय, तुमचा फोटो मला यानंच काढायचाय.”

आणि सरांनी खरंच बारक्या स्क्रूड्रायव्हरनं कॅमेऱ्याचं वरचं झाकण सोडवलं, रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. बाकीचा कॅमेरा स्वतःकडेच ठेवला. हुशार माणूस.

घरी मी मोरीवर बसले. चिंच, राख, तारेची घासणी. देवाची समई यानंच लखलखते, मग झाकण काय मोठं लागून गेलंय? अर्धा तास घासल्यावर रुपयाएवढा चट्टा भाकरीएवढा झाला. म्हणजे झाकणच भाकरीएवढं नाही, पण मला तसं दिसायला लागलं.

आई वाकून बघायला आली. “हे तं पितळ हाय गो. रडतेस कशाला? पितळेला काय करतात?”

“काय?”

“कल्हई. अख्खी रुप्यासारखी दिसते. एवढी शिकलीस आन् हे नाय समजत?”

मला समजलं. इतकं समजलं, की रात्रभर मी झोपेत सरांची शाबासकी घेत होते. सकाळी बाबांच्या मागे मोटारसायकलवर बसून किन्हवलीहून थेट मुरबाडचा बाजार गाठला. तिथं गणूबाबा कल्हईवाले भाता मारत बसले होते. मी रुमाल सोडला.

“पातेला कुठं हाय?”

“हेच.”

त्यांनी झाकण उलटंसुलटं केलं. “यात कोनाची आमटी करतेस? मुंगीची?”

“बाबा, तुमी फक्त चकचकीत करा. रविवारी द्यायचंय.”

सांडशीत धरलेलं झाकण निखाऱ्यांवर गेलं. नवसागराची चिमूट पडली, पांढरा धूर निघाला, कथील टेकवलं, कापसाचा बोळा फिरला आणि गणूबाबांनी झाकण माझ्यासमोर धरलं. आरसा! माझे दोन्ही दात, म्हणजे पुढचे दोन्ही, त्यात स्पष्ट दिसत होते. मी नाचायचीच बाकी होते. मग त्यांनी झाकण पालथं केलं.

बाहेरून ते चुलीवरच्या तव्यासारखं काळं होतं.

“बाबा, हे काय? कल्हई आतून केलीत?”

“मंग? कल्हई आतूनच करतात, पोरी. चाळीस वर्सं करतोय. आमटी आत असते का बाहेर?”

मी डोक्याला हात लावला. चूक त्यांची नव्हतीच. “बाहेरून करा,” मी म्हटलं. त्यांनी केलं. पितळेवर कथील धरलं, क्रोमवर धरेना. बटणाचं भोक बुजलं, कोरलेले आकडे गेले, आणि दोनदा भाजून झाकण कडेनं कुरडईसारखं वळलं. आधी खरूज होती, आता गोवर आला.

येताना अर्ध्या रस्त्यात बाबांनी गाडी हळू केली. मग म्हणाले, “सरांना सांग, माकडानं नेलं.”

घरी आई म्हणाली, “माकडावर कोन इस्वास ठेवील? उंदीर सांग.”

“माकड पन नाय आन् उंदीर पन नाय. मीच केलंय, मीच सांगणार.”

“वर्गासमोर? हसतील गो सगळी.”

“विचारलं पन वर्गासमोरच होतं.”

रविवारी मी ताठ मानेनं झाकण सरांच्या टेबलावर ठेवलं आणि चिंचेपासून कुरडईपर्यंत सगळं सांगितलं. सरांनी झाकण उचललं. बाहेरून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तेवढ्या वेळात मला सगळी माकडं आणि सगळे उंदीर आठवले. मग त्यांनी ते पालथं केलं. आतल्या आरशात स्वतःचा चेहरा बघितला आणि मिशीवरून बोट फिरवलं.

“माझ्या वडिलांनीसुद्धा हे आतून एवढं स्वच्छ ठेवलं नव्हतं.”

कॅमेऱ्याच्या उघड्या टाळूवर त्यांनी खडूच्या खोक्याचा पुठ्ठा लावला, रबरबँड गुंडाळलं आणि आम्हाला पायऱ्यांवर उभं केलं. फोटोत सगळा वर्ग हसतोय. पहिल्या रांगेत मधोमध मी, आणि मीही हसतेय. कुणाली-अपेक्षाकडून वडापाव मी त्याच दिवशी वसूल केले, चटणीसकट.

संध्याकाळी आईबाबा ओट्यावर बसले होते. कॉलेजला गेल्यावर मी नर्सिंग करायचं, हे त्यांचं आपसात ठरलेलं. मी रुमालाची पुरचुंडी त्यांच्यापुढे ठेवली.

“हे परत कशाला आनलंस?” आई दचकली.

“सरांनी दिलंय. मी नर्सिंग करणार नाय. दहावी झाली की क्रोम चढवायचं काम नीट शिकणार, आणि हे झाकण पुन्हा बनवणार. आतून नाय, बाहेरून.”

बाबांनी विचारलं, “सरांनी किती दिवसांची मुदत दिली?”

“दिवसांची नाय दिली,” मी म्हटलं. “म्हणाले, मी जिवंत असेपर्यंत दे. म्हणून मी उद्यापासूनच सुरुवात करणार. आई, तुझी समई कुठाय?”