नानांच्या घागरीवरचं डांगर

"यंदा नानांच्या घागरीवर बाजारचं डांगर बसणार नाही! माझ्या गच्चीवरचं बसेल! घरचं!"

ही घोषणा मोतीलालने अमळनेरला एका लग्नाच्या पंगतीत केली, तीही थोरल्या भावाच्या, म्हणजे योगराजच्या ताटासमोर उभं राहून. घोषणा करताना त्याच्या हातात वरणाची बादली होती, त्यामुळे जरा जोर जास्तच आला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि तिच्या तोंडावर खरबूज बसवतात. त्या खरबुजालाच इकडे डांगर म्हणायचं. वडील, म्हणजे नाना, गेल्यानंतरची ही पहिलीच घागर. खरं तर ती थोरल्याच्या घरी भरायची, पण नाना शेवटी जळगावला मोतीलालकडेच राहिले होते, म्हणून त्याने ती हट्टाने मागून घेतली होती.

योगराज घास गिळून म्हणाला, "घागर भर. पन डांगर मी लई येसू. तुले कुंडीमा कोथमीर येत नही!"

पंगत हसली. मोतीलालच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पाटबंधारे खात्यात त्याची उभी हयात गेली होती, पण स्वतःच्या हाताने एका झाडालाही पाणी पाजलेलं नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानाही जाता जाता हेच चिडवत गेले होते. आता नानांनाच दाखवून द्यायचं होतं!

गच्चीवर पिंपं आली, माती आली, हिरवी जाळी आली. वेल चढला, फुलं आली, पण तिसऱ्या मजल्यावर मधमाशी काही येईना. मग मोतीलाल रंगाचा ब्रश घेऊन या फुलातून त्या फुलात हिंडू लागला. कोकिळा, म्हणजे त्याची बायको, कपाळाला हात लावून म्हणाली, "स्वतःच्या लग्नात इतकी धावपळ केली नव्हती तुम्ही!"

फळं धरली आणि उन्हाने गळली. राहिलं एकच. कोकिळाच्या जुन्या साडीची झोळी करून मोतीलालने ते तिच्यात ठेवलं आणि रोज त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकू लागला. पहिल्या फोटोवर योगराजचं उत्तर आलं, "लिंबू छान आलंय." त्या दिवसापासून मोतीलाल गच्चीवरच झोपू लागला.

डांगर फुगलं, त्याच्यावर जाळी उमटली, वास सुटला. शेजारच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालणाऱ्या लताबाई दोनदा म्हणाल्या, "मोतीभाऊ, कधी उतरवताय? वासाने जीव जातो हो!" दोन गच्च्यांच्या मधली भिंत होती गुडघ्याएवढी. मोतीलालने हे बोलणं मनात नोंदवून ठेवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी तो बाजारातून घागर घेऊन आला, गच्चीवर गेला, आणि घागर हातातून सुटता सुटता वाचली.

झोळी रिकामी!

"कोकिळा! चोरी झाली! दरोडा पडला!"

"अहो, ऐका तरी, मी..."

"आधी चोर! मग बाकीचं!"

"अहो पण..."

"एक शब्द नको! त्या लताबाई दुपारी बिबड्या उचलायला वर आल्या होत्या की नाही?"

"आल्या होत्या, पण..."

"बस!"

रात्रभर त्याचा डोळा लागला नाही. सकाळी योगराजचा फोन आला, "गाडीमा बसनू. तुनं लिंबू पिकनं का?" मोतीलाल कसाबसा "हो" म्हणाला. आता ते डांगर घागरीवर दिसलं नाही, तर भावकीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

पिशवीत चार आंबे टाकून तो लताबाईंकडे गेला. बाहेरच्या खोलीत पाटावर त्यांच्या सासऱ्यांच्या नावाची घागर मांडलेली होती, आणि तिच्यावर डांगर! तेवढंच! तसंच! लताबाई आत सांजोऱ्या तळत होत्या. त्यांचे यजमान जीवरामभाऊ आंघोळ करत होते, बादलीचा आवाज येत होता.

"बसा मोतीभाऊ! हे येतीलच, मग पूजा आहे," आतून आवाज आला.

मोतीलाल बसला नाही. शेतातलं डांगर मातीवर टेकून वाढतं, म्हणून त्याच्या बुडाला पिवळा डाग पडतो. त्याचं डांगर झोळीत वाढलेलं, त्याला डाग असणं शक्य नव्हतं. फक्त उचलून बघायचं, एवढंच! मागचापुढचा विचार न करता त्याने दोन्ही हातांनी डांगर उचललं आणि उलटं केलं.

बुडाला पिवळाधमक डाग!

"चहा टाकू का हो?"

मोतीलाल दचकला. डांगर हातातून निसटलं आणि फरशीवर त्याच्या चार फोडी झाल्या.

पळीचा आवाज थांबला. "काय पडलं?"

"आंबा! आंबा पडला माझा!"

दुसऱ्याच्या पितरांच्या घागरीवरचं डांगर, आखाजीच्या दिवशी, पूजेच्या आधी फोडलेलं! सांगायचं काय? की वहिनी, तुम्ही चोर आहात का ते बघत होतो? त्याने फोडी पिशवीत कोंबल्या, आंबे पाटाजवळ ठेवले, रुमालाने फरशी पुसली. "आलोच!" म्हणत तो चपला विसरून पळाला.

"स्कूटरची किल्ली दे! डांगर आणायचंय, आत्ताच्या आत्ता!"

"कशाला आणायचंय?" कोकिळाने शांतपणे गव्हाच्या कोठीचं झाकण उघडलं आणि आतून डांगर काढलं. झोळीतलं. घरचं. "काल पाणी घालायला गेले तर आपोआप देठातून सुटून हातात आलं. पिकलं होतं. सांगत होते, तर तुम्हाला आधी चोर पाहिजे होता!"

मोतीलाल मटकन खाली बसला. त्याने डांगर छातीशी धरलं. काय वास होता! काय रंग! भिंतीवर नानांचा फोटो होता आणि भिंतीपलीकडे जीवरामभाऊंच्या बादलीचा आवाज बंद झाला होता.

बाजारात जाऊन यायला आता वेळ नव्हता. त्याने फोटोकडे बघितलं. "नाना, माफ करा," एवढंच तो म्हणाला.

"अहो! ते कुठे घेऊन चाललात?"

जीवरामभाऊ धोतर नेसून बाहेर आले, तेव्हा घागरीवर डांगर होतं आणि शेजारी मोतीलाल घामाघूम होऊन हात जोडून उभा होता.

"केवढी श्रद्धा!" जीवरामभाऊ भारावून म्हणाले. डांगराला डाग नव्हता, पण ते कळायला ते उचलावं लागतं, आणि घागरीवरचं डांगर उचलून बघणारा माणूस अख्ख्या जळगावात एकच होता.

योगराज आला तो बगलेत डांगर मारूनच. "तुनं कोठे शे?"

"उंदराने खाल्लं, दादा."

"माहीत व्हतं माले!" योगराजने आपलं डांगर नानांच्या घागरीवर बसवलं. कोकिळाने नवऱ्याकडे असं बघितलं की आंघोळ करूनही त्याला पुन्हा घाम फुटला.

दुपारी सगळे आमरस ओरपत असताना लताबाई ताटली घेऊन आल्या. "आमच्या घागरीवरचं डांगर! प्रसाद म्हणून घ्या."

योगराजने एक फोड तोंडात टाकली आणि त्याचे डोळे मिटले. दुसरी टाकली. ताटली आपल्याकडे ओढली. "साखर शे, साखर! आजपावत असं डांगर खादं नही! कोनं शे हाई?"

मोतीलालच्या घशात शब्द आले. मागोमाग पिशवीतल्या फोडीही आठवल्या. त्याने शब्द रसाच्या वाटीत बुडवून गिळले.

"ह्यांनी आणलं," लताबाई लाजत म्हणाल्या. "बोट मारून ओळखतात."

"जीवरामभाऊले म्हना, मानूस दर्दी शे!" योगराजने ताटलीतल्या बिया एकेक वेचल्या, बोटांनी पुसल्या, कागदाच्या पुडीत बांधल्या आणि पुडी धाकट्या भावाच्या हातावर ठेवली.

"ले. पुढला वरीसले ह्या लाव. आन कितलं पानी घालाचं, कसं जपाचं, ते जीवरामभाऊले इचार. शिक काहीतरी त्यासना कडथून."

कोकिळा तोंडाला पदर लावून आत पळाली. मोतीलालने पुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाला, "विचारतो, दादा."