खुराड्यातली लिपस्टिक

शुक्रवारी आमच्या मुलीला, नग्वाला, बघायला पाहुणे येणार हे ठरलं रविवारी. त्याच रविवारी जेवताना मी एक वाक्य बोललो. ते बोललो नसतो तर आज गावात ताठ मानेनं फिरलो असतो.

झालं असं, की आमची बायको इन्शिराह म्हणाली, "सात कोंबड्या आहेत, पण सात अंडी कधी मिळत नाहीत. एकजण फुकट दाणे खातेय. शुक्रवारी तिलाच कापू."

"पण ती कोण, हे शोधायला नको?" मी म्हणालो. (हेच ते वाक्य.)

"शोधायचंय काय त्यात? ठिपकेवाली!"

"पुरावा?"

"तिचं तोंड बघा."

मी चौतीस वर्षं शेतकी सोसायटीत कारकुनी केली. नुसतं तोंड बघून मी कधी खताचं पोतंही मंजूर केलं नाही, मग एकीच्या गळ्यावर सुरी कशी फिरवू देणार?

आमचं शेत म्हणजे फय्यूमच्या कालव्याकाठचा रुमालाएवढा तुकडा. मुलूखियाची भाजी, कांदे, पुदिना, एक पेरूचं झाड आणि त्याच्याखाली खुराडं. हे सगळं इन्शिराह बघते. मी पेरू बघतो. (पिकलेले.) पण त्या दिवशी मला खरंच कुतूहल वाटायला लागलं. सोमवारी मी खुराड्यासमोर स्टूल टाकून दोन तास बसलो. कोंबडी कुणी टक लावून बघत असलं की अंडं देत नाही, एवढं कळलं. सातही जणी उलट माझ्याकडेच बघत बसल्या.

संध्याकाळी रेडिओवर शेतकी कार्यक्रमात एक बाई म्हणाल्या, कोंबडीच्या बुडाला रंग लावा, अंड्यावर त्याच रंगाची रेघ उमटते. मी उडालोच! पण सात कोंबड्यांना सात रंग हवेत, आणि गावच्या दुकानात होता एकच, पिवळा. घरी आलो तर समोर नग्वाची मेकअपची पेटी. आत लिपस्टिका. मोजल्या. सात!

(वाचकहो, याला मी दैवी संकेत समजलो. तुम्हीही समजला असता.)

मंगळवारी पहाटे काम उरकलं. बगलेत कोंबडी, हातात लिपस्टिक. पहिल्या दोघी निमूट उभ्या राहिल्या, तिसरीनं चोच मारली, पांढरीनं मात्र असं अंग चोरलं की माझी बाही कोपरापर्यंत लाल झाली. तसाच न्याहारीला बसलो.

इन्शिराहचा हात घेवड्याच्या उसळीच्या वाडग्यावरच थांबला.

"अबू नग्वा, बाहीला काय लागलंय?" (अबू नग्वा म्हणजे मी, नग्वाचा बाप.)

"कुठं काय?"

"ही लिपस्टिक आहे. कोण ती?"

"पांढरी," मी खरं तेच बोललो.

"गोरी आहे का! आणि वय?"

"दीड वर्ष."

वाडगा माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावर आला होता, तेवढ्यात मी तिला ओढत खुराड्याकडे नेलं. आत एक अंडं पडलं होतं, त्यावर लाल रेघ. इन्शिराह बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "कुणाचं हो हे?"

इथंच पंचाईत झाली. सातांपैकी चार लिपस्टिका मला एकाच लाल रंगाच्या दिसत होत्या. शेवटी अंडं घेऊन नग्वाकडे जावंच लागलं.

"हा कुठला रंग गं?"

"डाळिंबी," ती सहज म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "बाबा! ही माझी शुक्रवारची लिपस्टिक! कुठं लावलीत?"

मी सांगितलं, पांढरीच्या बुडाला. ती आधी किंचाळली, मग रडली. दुपारी मात्र स्वतःच खुराड्यापाशी येऊन म्हणाली, "बघू, गुलाबीचं आलं का?"

तीन दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पांढरी रोज देत होती. बाकीच्या आज नाही तर उद्या. ठिपकेवालीचा जांभळा रंग मात्र एकदाही उमटला नाही. पण कदाचित पुसला गेला असेल! संशयाचा फायदा द्यायला हवा. शुक्रवारी सकाळी मी तिला पेरूमागे नेलं आणि शेवटचा, जाडसर हात दिला.

"अस्सलामु अलैकुम," मागून आवाज आला.

मुलाचे वडील, हाजी मितवल्ली. पाहुणे तासभर आधीच आले होते. मी बगलेत कोंबडी उलटी धरलेली, हातात जांभळी लिपस्टिक. ते दोघींकडे, म्हणजे कोंबडीकडे आणि लिपस्टिककडे, आळीपाळीनं बघत राहिले.

"साखरपुडा कुणाचा ठरवायचाय?" ते म्हणाले. "माझ्या पोराचा की हिचा?"

मी सगळं सांगून टाकलं. लग्न तर मोडलंच, निदान खरं बोलून मोडू दे. हाजींनी दाढी खाजवली. मग पायघोळ गलाबिया गुडघ्यापर्यंत वर घेऊन माझ्याशेजारी उकिडवे बसले.

"आमच्याकडे अकरा आहेत हो," ते कुजबुजले. "अंडी आठ. कुठला रंग नीट बसतो?"

आम्ही दोघं ठिपकेवालीची वाट बघत तिथंच बसलो. ती पुदिना खात राहिली. खिडकीतून दोन्हीकडच्या बायका बघत होत्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

जेवायला हाक आली. मुलूखियावर अख्खी कोंबडी, घमघमाट.

"कुठली कापलीस?" मी इन्शिराहच्या कानात विचारलं.

"पांढरी."

"अगं, ती तर रोज अंडं द्यायची! पुरावा आहे माझ्याकडे!"

"मग काय करू? ठिपकेवाली शोधली सगळीकडे. तिला घेऊन तुम्ही पेरूमागे बसला होतात!"

मी ताट पुढं ओढलं. (चव उत्तम होती, हे कबूल करायला हवं.) जाताना मुलाची आई इन्शिराहला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी बोलली. गाडी वळणाआड गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"मुलगी पसंत आहे. फक्त एकच शंका होती, हे तुमच्या घराण्यात आहे का, पुढं पोराबाळांत उतरेल का, म्हणून."

"मग? तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, घाबरू नका. मुलगी पूर्ण माझ्यावर गेलीय."