अनंतकाकांची वस्ती

अनंतकाका ओढ्यात उतरताना चपला काठावर काढून ठेवतात. ओल्या दगडावर पाय टाकायच्या आधी थांबतात, वाकून बघतात आणि बऱ्याचदा दुसरा दगड शोधतात. आपण मागून येत असलो तर हात आडवा करून म्हणतात, "जपून, वस्ती हाय." वस्ती म्हणजे शेवाळ.

मी रोह्याहून लग्न होऊन कासूला आले तेव्हा शेजारच्या घरात शेवंतीकाकी आणि त्यांच्या आजारी सासूबाई होत्या. काका कच्छात, एका संशोधन केंद्रात नोकरीला. तिथले ओढे बहुतेक वर्ष कोरड्या वाळूचे. कधीतरी पाऊस होतो, लोंढा येतो आणि दगडांवरचं सगळं खरवडून नेतो. मग ते डोळ्यांना न दिसणारे जीव परत कसे येतात, हे बघत बसायचं काकांचं काम. एवढ्यासाठी कुणी पगार देतं, हे गावाला खरं वाटत नसे. काकींना विचारलं तर त्या म्हणायच्या, "तिकडं चिखल बघतात." सासूबाईंसाठी त्या मागे राहिल्या होत्या. सासूबाई गेल्यावर शेती होती, आणि पुढे सवयच झाली.

निवृत्त होऊन काका परतले ते एक सूक्ष्मदर्शक आणि जुन्या टूथब्रशांची पिशवी घेऊन. ब्रशने दगड घासायचा, सुटलेला बुळबुळीत थर पेल्यातल्या पाण्यात सोडायचा आणि पेला खिडकीत ठेवायचा. हळूहळू घरातले सगळे पेले खिडकीत गेले. एकदा माझे वडील रोह्याहून आले, काकांकडे गप्पा मारत बसले आणि वाळ्याचं सरबत समजून त्यातला एक पेला पिऊन मोकळे झाले. कळल्यावर घाबरून विचारायला लागले, आता काही होईल का. काका फार खिन्न होऊन म्हणाले, "पोटात जगायचे नायत ते." ते वडिलांबद्दल बोलत नव्हते.

नवराबायकोचं बोलणं मात्र माझ्यामार्फत चाले. काका समोर खाटेवर बसलेले असायचे आणि काकी मला म्हणायच्या, "विचार गो यांना, भाकरी वाढू का." काका मला सांगायचे, "व्हय म्हणून सांग." भांडण कसलंच नव्हतं. एकाच धर्मशाळेत उतरलेले दोन पाहुणे वागतील तसे दोघं एकमेकांना जपून वागायचे.

मागच्या पावसाळ्यात खाडीला उधाण होतं आणि पहाटेपासून पावसाने ताल धरला. ओढ्याला पुढे जायला वाट उरली नाही, तो मागे फिरला आणि आमच्या आळीत शिरला. सगळे आमच्या गच्चीवर चढले. काकी तेवढ्या उंबऱ्यात उभ्या. काका सकाळीच ओढ्यावर गेले होते, आणि ते आल्याशिवाय मी हलणार नाही, असं त्यांनी मला सांगून टाकलं. पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा काका कुंपणाची तार धरत धरत येताना दिसले. चष्मा वाहून गेला होता, दंड सोलवटले होते. काकींना उंबऱ्यात बघून ते चिडलेच.

"तू वर का गेली नाय?"

काकींनी काकांचं मनगट घट्ट पकडलं आणि तसंच त्यांना जिन्यापर्यंत आणलं.

पाणी ओसरलं. आमचा तांदूळ भिजला, काकांच्या सूक्ष्मदर्शकात गाळ गेला. ओढ्यातले दगड पार धुऊन निघाले होते. तुमची वस्ती गेली की हो, असं मी म्हटलं तर काका उलट मलाच समजावू लागले. वरचं जातं, पण दगडाच्या फटीत, वाळूच्या खाली थोडे जीव धरून राहतात. जुना थर जाड झाला की खालच्यांना उजेड मिळत नाही, लोंढ्यानंतर मिळतो. आधी तपकिरी पातळ साय धरते, मग हिरवं येतं. "येतात परत," ते म्हणाले, "पण घाई करून चालत नाय."

ती तपकिरी साय काकींच्या अंगणातल्या फरशीवरही धरली आणि काकी घसरल्या. मनगट मुरगळलं, पेणला जाऊन डॉक्टरांना दाखवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कसली खरखर चाललीय म्हणून मी डोकावले. काका अंगणात उकिडवे बसून काथ्याने फरशी घासत होते. नुसती वरवर नाही, सांध्यांमध्ये बोट घालून.

काकी हात गळ्यात बांधून पायरीवर बसल्या होत्या. बघता बघता त्यांनी थेट काकांनाच विचारलं, "तिकडं लोंढा येऊन गेला की काय करायचात तुम्ही?"

काका मान वर न करता सांगत राहिले. पाणी दिसायच्या आधी वाळूतून त्याचा आवाज येतो. पुढे काही दिवसांनी पहिलं हिरवं दिसलं की ते दिवसभर तिथून उठायचे नाहीत.

"कुणाला तरी दाखवावंसं वाटायचं," ते म्हणाले. "पण आपलं असं कोण होतं तिथं."

काकी पायरीवरून थोड्या पुढे वाकल्या.

"बोलवायचं. आले असते मी."

खरखर थांबली. काका उठले, हात धोतराला पुसत पायरीपाशी आले आणि तिथंच घुटमळले.

"तिथलं ऊन लय वाईट. तुला सोसलं नसतं."

"ते मी बघितलं असतं," काकी म्हणाल्या, आणि त्यांना बसायला सरकून जागा करून दिली.