मगदूम गुरुजींचा एक प्रलंबित प्रश्न

ज्ञान ही दुसऱ्याने द्यायची वस्तू नसून ज्याची त्याने शोधायची गोष्ट आहे, याबद्दल आता कुणाच्याही मनात शंका उरलेली नाही. ती उरू नये म्हणून तसं परिपत्रकच निघालं आहे.

त्या परिपत्रकानुसार मिरजेच्या पूर्वेकडल्या एका हायस्कुलात 'मार्गदर्शित ऑनलाइन शोध-उपक्रम' सुरू झाला. उपक्रम पूर्णपणे विद्यार्थीकेंद्रित होता. म्हणजे विद्यार्थी मधोमध आणि त्याच्याभोवती सात पायऱ्या. पहिल्या पायरीवर त्याने कुतूहल वाटून घ्यायचं (वेळ : चार मिनिटं). दुसऱ्या पायरीवर प्रश्न विचारायचा. तिसरीवर दिलेल्या तीन दुव्यांतून मुक्तपणे शोध घ्यायचा; चौथा दुवा शोधू गेल्यास पान बंद पडत असे. पाचवीवर गावातल्या तज्ज्ञ-मार्गदर्शकाशी संवाद साधायचा. सातवीवर 'समाधान झाले' हे हिरवं बटण दाबायचं. शेजारी 'समाधान झाले नाही' असं एक राखाडी बटणही होतं, पण ते शोभेचं आहे असं प्रशिक्षणात सांगण्यात आलं होतं. (चौथ्या आणि सहाव्या पायरीवर काय करायचं, ते मधल्या जेवणामुळे सांगायचं राहून गेलं.)

मार्गदर्शकाला नियम एकच होता. त्याने उत्तर द्यायचं नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या कीर्तीने तज्ज्ञ म्हणून आपल्या वडिलांचं नाव घातलं. जवाहर मगदूम गुरुजी त्याच शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. नोंदणी करताना स्वागत-संदेशाच्या चौकटीत काहीतरी लिहिणं सक्तीचं होतं.

"काय लिहू गं?"

"काहीही लिहा, अण्णा. सुस्वागतम् लिहा."

गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि एका बोटाने लिहिलं, 'तू स्वतः बघितलंस का?'

त्यानंतर चार महिन्यांनी गुरुजी गेले. खातं राहिलं.

मुलं प्रश्न पाठवत राहिली. प्रश्न पोचला की तीन सेकंदांत स्वागत-संदेश जाई, 'तू स्वतः बघितलंस का?' मुलं हिरवं बटण दाबून खेळायला जात. वर्षअखेर जिल्ह्याचा तक्ता लागला तेव्हा गुरुजी पहिले होते. आलेले प्रश्न दोनशे चौदा. तयार उत्तरं दिल्याचे प्रकार शून्य. विद्यार्थ्यावर आवाज चढवल्याचे प्रकार शून्य. रजा शून्य. दुसऱ्या क्रमांकाचे मार्गदर्शक हयात असल्यामुळे बरेच मागे पडले होते.

साताऱ्याच्या विभागीय कार्यशाळेत गुरुजींचा आलेख पडद्यावर दाखवण्यात आला. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या वाटेतून संपूर्णपणे बाजूला कसं व्हावं, याचा हा वस्तुपाठ आहे, असं तज्ज्ञ म्हणाले. मग साडेतीनशे शिक्षकांनी उभं राहून, हात पुढे करून, मगदूम गुरुजींसारखं होण्याचा संकल्प केला. (तारीख कुणी ठरवली नाही.) कीर्तीही उभी राहिली. तिसऱ्या रांगेत एकटीनेच बसून राहणं बरं दिसलं नसतं.

परत आल्यावर तिने खातं बंद करायला घेतलं. अण्णांचा फोन ती रोज चार्जिंगला लावत असे. ओटीपी त्याच्यावर येतो, हे कारण कुणी विचारलं तर सांगायला बरं पडे. पण ओटीपी येऊनही अर्ज पुढे सरकेना. तिने तालुक्याचे समन्वयक विश्वजितराव यांना फोन लावला.

"कारण काय टाकलं तुमी, मॅडम?"

"यादीत रजा, बदली, निवृत्ती आणि इतर, एवढंच आहे. इतर टाकलं."

"मग?"

"केव्हा परत येणार, असं विचारतंय."

"मोकळं सोडा."

"मोकळं घेत नाही."

विश्वजितरावांनी पलीकडे यादी चाळली. माणूस वाईट नव्हता. "आवं, मग पुढच्या जूनची तारीख टाका की. जून आला की पुढं ढकलू. सगळी तसंच करत्यात."

कीर्तीने तारीख टाकली नाही.

"मग दुसरा मार्ग हाय," विश्वजितराव म्हणाले. "एकबी प्रश्न प्रलंबित नसंल तर तारीख न टाकता खातं बंद करता येतंय. गुरुजींच्या नावावर एकच राहिलाय बघा. सातवीतली कोण प्रांजल म्हणून पोरगी हाय, ती राखाडी बटण दाबून बसलीय. तिला हिरवं दाबाय लावा, गुरुजी मोकळे."

मुख्याध्यापक पृथ्वीराज सरांनी प्रांजलला बोलावून घेतलं. तिच्या घरच्यांची मेंढरं जाऊन विहीर आणि दीड एकर आलं होतं. तिचा प्रश्न असा : आमच्या हिरीचं पाणी सकाळी वर आन् सांजंला खाली का जातंय? तिसऱ्या पायरीवरच्या दुव्यांनी तिला भरती-ओहोटी, हिमनद्या आणि बाटलीबंद पाण्याची जाहिरात दाखवली होती.

"दोनशे तेरा पोरांचं समाधान झालं," सर म्हणाले, "तुझंच घोडं कुठं पेंड खातंय?"

"सर, त्यांनी विचारलं, स्वतः बघितलंस का. मी निस्तं आबांच्या तोंडनं ऐकलंवतं. मग हिरवं कसं दाबू?"

शाळेच्या इतिहासात स्वागत-संदेश वाचणारी ही पहिली विद्यार्थिनी असावी.

विज्ञानाच्या कपाटात, मोडक्या सूक्ष्मदर्शकाच्या मागे, अण्णांचा दोर होता. हातभर अंतरावर एकेक गाठ आणि टोकाला वजनाला कडी. कीर्तीने तो काढला आणि प्रांजलसोबत विहिरीवर गेली. कठड्यापासून पाण्यापर्यंत सकाळी अकरा गाठी भरल्या, संध्याकाळी सोळा. सहा दिवस तेच. (या सहा दिवसांची नोंद उपक्रमात 'विद्यार्थी निष्क्रिय' अशी झाली.) पुढच्या सोमवारी सकाळीच सोळा भरल्या आणि संध्याकाळी अकरा.

"बाई, हे उलटं झालं की."

कीर्तीला कारण ठाऊक होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं. तिने दोर गुंडाळत विचारलं, "या आठवड्यात घरात काय बदललंय, ते बघितलंस का?"

प्रांजल कठड्याला टेकून विचार करत राहिली. "आबा दिवसा झोपाय लागल्यात. लाईट रातची आली ना. मोटर रातची चालती." ती थांबली. "मोटर चालली की खाली. बंद पडली की वर. पाणी सकाळ-संध्याकाळ बघतच न्हाई, बाई. ते मोटरीला बघतंय."

प्रांजलने गुरुजींच्या नावापुढचं हिरवं बटण दाबलं. शाळेत पेढे आले. विश्वजितरावांनी खात्री करायला कीर्तीला फोन केला आणि खातं बंद होईपर्यंत तो चालूच ठेवला. कीर्तीने अर्ज उघडला. आता फक्त 'खाते बंद करा' एवढंच दाबायचं होतं. ती शेजारची अण्णांची चष्म्याची डबी उगाच सरळ करत बसली, आणि तेवढ्यात हातातला त्यांचा फोन वाजला. नवा प्रश्न आला होता.

'गुरुजी, मोटर बंद झाल्यावर पाणी कुठनं येतंय? हिरीच्या तळाला तर खडक हाय. मी स्वतः बघितलंय.'

प्रलंबित प्रश्न : एक. अर्ज आपोआप नामंजूर झाला.

"सांगू का तिला हिरवं दाबाय?" विश्वजितरावांनी विचारलं.

"नको," कीर्ती म्हणाली. "तिचं अजून बघायचं चाललंय." आणि तिने फोन चार्जिंगला लावला.

तात्पर्य, उपक्रम यशस्वी आहे आणि गुरुजी अद्याप सेवेत आहेत. वाचकांसाठी एकच सूचना. मोटर बंद झाल्यावर पाणी कुठून येतं, हे या मजकुरात कुठेही दिलेलं नाही. ज्यांना हे ध्यानात येऊन चुकचुकल्यासारखं झालं, त्यांनी प्रश्न गुरुजींच्या खात्यावर पाठवावा. तीन सेकंदांत प्रतिसाद मिळेल. बाकीच्यांनी काही करायची गरज नाही. तुमचं हिरवं बटण मघाशीच दाबलं गेलं आहे.