निळा गुलाल, अ‍ॅमस्टेलव्हीन

"आली! आपली सीट आली! खाली कोण आहे? टोपली धरा!"

सकाळी सकाळी, आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून कांबळेकाका ओरडत होते आणि त्यांच्या सायकलची टोपली दोरीला लोंबकळत खाली येत होती. टोपलीत पेढे. दीड मीटरचं अंतर पाळून पेढे वाटायची ही तऱ्हा अख्ख्या जगात त्यांनीच शोधली. पाठोपाठ निळा गुलाल आला. तळमजल्यावरच्या डच आजींचं पांढरं मांजर नेमकं खाली बसलं होतं. ते पुढे महिनाभर निळं होतं. करोनामुळे पर्यटक नव्हते म्हणून बरं, नाहीतर इथली प्रसिद्ध निळी-पांढरी चिनीमातीची वस्तू समजून कुणीतरी विकत नेलं असतं.

सीट कुठली, तर अमेरिकेतल्या एका राज्यातली. तीही खरी निवडणूक नव्हे, प्रायमरी. म्हणजे आपल्याकडे जे तिकीटवाटप दिल्लीत बंद दाराआड होतं, ते तिकडे लोक मतं देऊन करतात. आणि काका? अर्धं आयुष्य नेदरलँड्समध्ये बँकांचे संगणक सांभाळून निवृत्त झालेले. लॉकडाऊनमध्ये लोकांनी ब्रेड भाजायला घेतला, काकांनी ब्लॉग लिहायला घेतला. विषय एकच, ती प्रायमरी आणि तिच्यात उभ्या राहिलेल्या एक बाई. तिथल्या कुठल्या वॉर्डात कोण रुसलंय, हे त्यांना आमच्या जिन्यातल्या भांडणांपेक्षा जास्त ठाऊक. तिथल्या स्थानिक ब्लॉगवाल्यांशी ते रोज इंग्रजीत भांडत आणि शेवटी आपल्या मराठी ब्लॉगचा दुवा चिकटवत. मग मला जिन्यात गाठून म्हणत, "लिहून ठेव माझं! बाईच येणार!"

"कशावरून, काका?"

"अरे, जिल्हा परिषदेची मतमोजणी बघत वाढलेला माणूस मी. पहिल्या दोन फेऱ्यांत कळतं. पुढचं सगळं नाटक."

तिथेच घात झाला. महामारीमुळे तिकडे बहुतेकांनी पोस्टाने मतं पाठवली होती आणि ती मोजायला बरेच दिवस लागणार होते. काकांनी पहिल्या आकड्यांवरच 'विजय!' असा मथळा ठोकला, खाली पेढेवाटपाचं वर्णन आणि निळ्या मांजराचा फोटो. मग पोस्टाची पोती उघडत गेली, तशी बाईंची आघाडी लोण्यासारखी वितळली. शेवटी बाई पडल्या.

तिथले ब्लॉगवाले सुटलेच. एकाने यंत्राकडून भाषांतर करून घेऊन काकांचा मथळा मांजरासकट छापला: 'बाईंना इथे मतं नसतील, पण हॉलंडच्या मांजराचा पाठिंबा आहे.' दुसऱ्याने विचारलं, मोजणीआधीच पेढे खाणारे असले प्रचारक बाईंनी आणले कुठून? तिसऱ्याने नुसतं मांजर छापलं. ते सगळ्यात जास्त लागलं.

काकांनी पडदे ओढले. या देशात भरदिवसा कुणी पडदे ओढत नाही. डच आजींना वाटलं, घरात कुणीतरी गेलं. त्या फुलं घेऊन दारात, दीड मीटरवर, मान खाली घालून उभ्या राहिल्या. काकूंनी फुलं घेतली. सांगणार काय?

मी वर गेलो, तर काका घरातल्या घरात मास्क लावून बसलेले.

"हा कशाला, काका?"

"तोंड लपवायची सोय सरकारने केलीये, तर वापरतो."

काकूंनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. "सुजातासाठी रे हे सगळं. आमची लेक. इथेच वाढली, मग तिकडे अमेरिकेत गेली. चांगली नोकरी सोडून त्या बाईंच्या प्रचारात शिरली, तर हे म्हणाले, 'सतरंज्या उचलायला शिकवलं का तुला?' तेव्हापासून ती फक्त माझ्याशी बोलते. यांना वाटलं, ब्लॉग वाचेल, बाप आपल्या बाजूने आहे हे कळेल तिला. आणि यांनी तिचंच हसं केलं."

बाहेर आलो, तर काकांनी माझ्यापुढे संगणक सरकवला. तिन्ही ब्लॉगांवर टाकायचा मजकूर होता, खाली पूर्ण नाव: 'चूक माझी आहे. बाईंची नाही, त्यांच्या प्रचारकांची नाही. मी कुणी नेता नाही. एका प्रचारक मुलीचा बाप आहे.'

"इंग्रजी बघ जरा."

एरवी मी दुसऱ्याच्या इंग्रजीत चार चुका तरी काढतोच, नसल्या तर घालून काढतो. त्या दिवशी हात लावला नाही. काकांनी तो तसाच टाकला.

संध्याकाळी मी निघायला उठलो आणि काकूंचा फोन वाजला. काकूंनी स्पीकर लावून तो काकांपुढे धरला. काकांनी मास्क काढला. दाढी वाढली होती.

"पिल्लू, चुकलो मी. चारचौघांत लाज आणली तुला."

काकांनी फोन तोंडाजवळ ओढला.

"पण तू वाचत होतीस ना गं? रोज लिहीत होतो. तुझ्यासाठीच लिहीत होतो."

"पप्पा," सुजाता म्हणाली, "मला मराठी वाचता येत नाही."