बदाम कुणाच्या गालात?

बोडिलताईंनी यंदा नाताळचं जेवण धाकट्या भावाच्या, हेनिंगच्या हवाली केलं खरं, पण नाक मुरडतच. आई गेल्यापासून ती संध्याकाळ कायम ताईंच्या घरी व्हायची. हेनिंगला मात्र ती एकदा तरी फ्योर्डच्या खाडीकाठच्या या शेतावर, आईच्याच स्वयंपाकघरात व्हावी असं फार वाटायचं.

"कर बाबा," ताई म्हणाल्या होत्या, "पण काही चुकलं ना, तर पुढच्या वर्षीपासून परत माझ्याकडे. मग कुरकुर नकोय."

म्हणून हेनिंगने काहीच चुकू दिलं नाही. बदक खरपूस भाजलं गेलं, बटाट्यांना साखरेचा पाक नीट चढला, नाताळच्या झाडावरच्या मेणबत्त्यांशेजारी, आग लागलीच तर म्हणून, पाण्याची बादलीसुद्धा आली. उरली भाताची खीर. तिच्यात आख्खा बदाम घालायचं राहिलं असतं तर ताईंनी जन्मभर ऐकवलं असतं. म्हणून खीर सकाळी चुलीवर असतानाच त्याने बदाम आत सोडला आणि निर्धास्त झाला. संध्याकाळी गार खिरीत मलई आणि बदामाचे तुकडे कालवले, वर चेरीचा गरम रस ओतला.

ज्याला आख्खा बदाम मिळेल त्याने तो गालात दडवून मख्ख बसायचं आणि बाकीच्यांना बदाम शोधत खात राहू द्यायचं, ही घराची रीत. बक्षीस म्हणून बदामाच्या मिठाईचं गुलाबी डुक्कर टेबलावर वाट बघत होतं.

पहिल्या वाट्या संपल्या. सगळे गप्प. दुसऱ्या संपल्या, तरी गप्प. बदकानंतर पोटात जागा अशी कुणाच्याच नव्हती.

"प्रेबेन, तुमचा गाल का फुगलाय?" ताईंनी नवऱ्याला दरडावलं.

"दाढ दुखतेय गं."

"दर नाताळाला बरी दुखते! आ करा."

प्रेबेनने निमूटपणे आ केला. आत नुसती दाढ होती.

"मग लोने, तूच. गालातल्या गालात हसतेयस कधीची."

"वन्सं, मी हसत नाहीये, मला आता गिळवत नाहीये," हेनिंगची बायको कळवळून म्हणाली.

हेनिंगने उरलेली खीर सगळ्यांना वाढली. प्रेबेनने पँटचं बटण सोडलं. अखेर भांड्याचा तळ दिसला, पण बदाम काही निघाला नाही.

"विसरलास," ताई म्हणाल्या.

"आईशप्पथ घातलाय, ताई! सकाळी, या हाताने, उकळत्या खिरीत!"

लोनेच्या हातातला चमचा खाली पडला. "सकाळी? अहो, त्याच खिरीतून मी निस्सेची वाटी काढली. वर लोण्याचा गोळा घालून माळ्यावर ठेवून आले!"

निस्से म्हणजे माळ्यावरचा लाल टोपीवाला बुटका राखणदार. नाताळात त्याला खीर मिळाली नाही, तर वर्षभर गुरांच्या शेपट्या बांधून ठेवतो म्हणतात. चौघं शिडीवरून धापा टाकत वर गेले. वाटी लख्ख चाटून पुसून ठेवलेली आणि मधोमध आख्खा बदाम. कोपऱ्यात मांजर मिशा साफ करत होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही असं न बोलताच ठरलं.

"म्हणजे बदाम निस्सेला मिळाला," प्रेबेन म्हणाला.

"मग डुक्करही त्याचंच," ताई ठासून म्हणाल्या. "आईच्या घरात लबाडी चालायची नाही. वर आणून द्या, मीच ठेवते."

प्रेबेनने डुक्कर वर नेऊन दिलं आणि ताई सोडून सगळे खाली आले. हेनिंग खुर्चीत मटकन बसला. इतकं करूनसवरून शेवटी चुकलंच, आणि आता हे घर नाताळात पुन्हा अंधारात राहणार, या विचाराने त्याचे डोळे भरून आले. ताईंना खाली यायला बराच वेळ लागला.

"निस्सेशी बोलले मी," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही इथंच करा म्हणतोय. त्याचं मन मोडायचं नाही."

"आणि डुक्कर?" हेनिंगने डोळे पुसत विचारलं.

"खाल्लं त्याने," ताई म्हणाल्या आणि ओठाला लागलेला गुलाबी तुकडा त्यांनी घाईघाईने पुसला.